शेतावरची पाहुणखोली आणि पाणवठ्यावरचे पाहुणे

(शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मेळाव्यात माझ्याकडून आपण नेहमी रब्बी ज्वारीची पेरणी, ओल टिकविणे, खताच्या मात्रा असे विषय ऐकता. आजचा विषय थोडा वेगळा आहे. उजनीच्या काठावरचे आणि नान्नज भागातले शेतकरी अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारतात. "सर, पक्षी बघायला शहरातली कुटुंबे येतात. त्यांच्या मुक्कामासाठी शेतावर दोन खोल्या बांधाव्यात का?" त्यापुढचे प्रश्न असतात फरशी कोणती, पत्रा की स्लॅब, कर्ज किती काढावे. मी मात्र खोलीपासून सुरुवात करीत नाही. पाहुणा येतो तो पक्ष्यांसाठी, आणि पक्षी येतात ते आपल्या पाण्यासाठी, माळासाठी व पिकांसाठी. ते टिकले तर खोली चालेल. ते गेले तर चांगली बांधलेली खोलीसुद्धा पुढे कडबा ठेवण्याच्या कामाची उरेल.

समुद्र नाही, पण किनारा आहे

सुट्टीत समुद्रकाठी राहायचे आणि पक्षी पाहायचे, तर लोक कोकणात जातात. सोलापूर जिल्ह्याला समुद्र नाही, तरी किनारा आहे. माढा तालुक्यात भीमेवर बांधलेले उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी असून त्यापैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे ६३ टीएमसीच्या वर, मृतसाठा आहे. पाण्याचा फुगवटा करमाळा, इंदापूर, कर्जत आणि दौंड या तालुक्यांपर्यंत पसरतो. त्याखाली किती काळ्या जमिनी आणि किती गावठाणे गेली, हे येथे बसलेल्या कित्येकांना मी सांगण्याची गरज नाही. पाणी उतरले की पळसदेवचे जुने देऊळ आजही वर येते.

हे पाणी उतरणेच पक्ष्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. रब्बीची आवर्तने सुरू झाली की काठ उघडा पडू लागतो. गुडघाभर पाणी, चिखल, शेवाळ, गोगलगायी आणि किड्यांच्या अळ्या यांची तेथे रेलचेल होते. रोहित पक्षी, ज्याला आपण फ्लेमिंगो म्हणतो, आपली वाकडी चोच उलटी करून असे उथळ पाणी गाळून खातो. खोल पाणी त्याच्या उपयोगाचे नाही. म्हणून ज्या वर्षी धरण उशिरापर्यंत तुडुंब राहते, त्या वर्षी रोहित पक्षी काठाला कमी दिसतात. पाहुणा बोलावण्यापूर्वी पाण्याची पातळी पाहावी, ती यासाठी.

भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या बाजूला रोहितांबरोबर चित्रबलाक, चमचा, चक्रवाक, थापट्या बदक, कुरव आणि मासे पकडणारा मत्स्यगरुड दिसतो. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हंस तिबेट व मंगोलियाकडील उंच तळ्यांवर अंडी घालतो आणि हिमालय ओलांडून आपल्याकडे हिवाळा काढायला येतो.

दुसरे ठिकाण नान्नज. सोलापूर-बार्शी रस्त्यावरील या गावाजवळ माळढोक अभयारण्य आहे. ते १९७९ मध्ये जाहीर झाले. तेव्हा त्याचे क्षेत्र साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या जवळ होते, पुढे ते कमी करून १,२०० चौरस किलोमीटरच्या आसपास आणण्यात आले. माळढोक जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो. माळ नांगरले गेले, पाटाचे पाणी आले, ऊस आला, विजेच्या तारा आल्या, मोकाट कुत्री वाढली आणि हा पक्षी संपत आला. देशभरात मिळून तो दोनशेपेक्षा कमी उरला आहे. म्हणून नान्नज भागातील शेतकऱ्याने "माळढोक दाखवितो" असे पाहुण्याला कधीही सांगू नये. काळवीट, खोकड, चंडोल, भोवत्या आणि नशीब असेल तर लांडगा, एवढे त्या माळावर आहे आणि तेही थोडके नाही.

दोन मुक्काम

गेल्या काही वर्षांत मी पत्नी, आई व चौथीत शिकणारी मुलगी यांच्यासह फुगवट्याच्या काठी दोन निरनिराळ्या ठिकाणी मुक्काम केला. दोन्ही अनुभव आपल्या उपयोगाचे आहेत म्हणून सांगतो.

पहिल्या ठिकाणी खोली चकचकीत होती. आवारात रात्रभर पांढरे झगझगीत दिवे होते आणि ध्वनिक्षेपकावर गाणी चालू होती. सकाळी नावेने निघालो. नाववाल्याने छायाचित्रासाठी इंजिन न थांबविता नाव सरळ रोहितांच्या थव्यात घातली. हजारभर पक्षी एकदम उठले. आभाळ गुलाबी झाले, हे खरे. सगळ्यांनी टाळ्या वाजविल्या. मुलगी तेवढी गप्प होती. थोड्या वेळाने तिने विचारले, "बाबा, ते जेवत होते ना? आता ते कुठं बसणार?" मला उत्तर देता आले नाही. आमच्यामागे आणखी तीन नावा येत होत्या.

दुसरा मुक्काम करमाळा तालुक्यात एका शेतकऱ्याकडे होता. दगडी भिंतींच्या, माळवदाच्या दोन खोल्या. दिवा एकच, तोही मंद आणि खाली तोंड केलेला. यजमानांनी पहाटे साडेपाचला उठविले आणि बांधाबांधाने पाण्यापर्यंत चालत नेले. बाभळीच्या आडोशाला बसून आम्ही दीड तास पक्षी पाहिले. एकही उठला नाही. आईला गुडघेदुखीमुळे चालता येत नव्हते, तर तिच्यासाठी घराच्या माळवदावर खुर्ची टाकून दिली होती. परत आलो तेव्हा तिने आमच्याहून जास्त पक्षी पाहिले होते.

संध्याकाळी मुलीला घेऊन ज्वारीच्या रानात गेलो. यजमान माच्यावर उभे राहून गोफण फिरवीत होते. समोरून भोरड्यांचा थवा आला. काळ्या डोक्याच्या, गुलाबी अंगाच्या हजारो भोरड्या एकाच वेळी वळत होत्या, पसरत होत्या आणि पुन्हा गोळा होत होत्या. मुलगी नाचू लागली. यजमान माच्यावरून हसत म्हणाले, "सर, ज्या पाखरांना आम्ही पहाटंपासनं हाकलतो, ती बघायला तुम्ही पैसं मोजता!"

बंधूंनो, या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला. मी कृषिविद्येचा माणूस आहे. भोरड्यांपासून ज्वारी कशी वाचवावी, हे मी शिकवीत आलो आहे. तेव्हा या दोन्हींचा मेळ कसा घालावा, हे सांगणे माझे काम आहे.

भोरड्यांचे काय करावे?

भोरडी हिवाळ्यापूर्वी मध्य आशियाकडून येते व साधारण एप्रिलपर्यंत परत जाते. ती ज्वारीचे दाणे खाते, यात शंका नाही. परंतु ती नाकतोडे आणि अळ्याही मोठ्या प्रमाणात खाते. तेव्हा तिच्याकडे केवळ शत्रू म्हणून पाहू नये.

१. परिसरातील सर्वांनी ज्वारीची पेरणी शक्यतो एकाच आठवड्यात करावी. एकट्याचेच रान आधी किंवा उशिरा निसवले, तर सारा थवा त्याच रानावर उतरतो.

२. दाणे दुधात असल्यापासून पक्व होईपर्यंत सकाळी व सायंकाळी राखण करावी. गोफण, डबे, चकाकणारी फीत हे उपाय आलटून पालटून वापरावेत. एकाच उपायाला पक्षी लवकर सरावतात.

३. विषारी दाणे किंवा आमिष कदापि टाकू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार विष घालून वन्य पक्षी मारणे हा गुन्हा आहे. शिवाय विष भोरडीपुरते राहत नाही. मेलेली भोरडी खाणारा घुबड आणि भोवत्याही मरतो, आणि मग उंदरांचा बंदोबस्त आपल्यालाच करावा लागतो.

४. हरभऱ्यात घाटे अळीसाठी हेक्टरी ५० पक्षीथांबे लावावेत. पेरणीच्या वेळी बियाण्यात ज्वारीचे थोडे दाणे मिसळले, तर उगवलेली ताटेच थांब्याचे काम करतात. कोतवाल, वेडा राघू, मैना त्यावर बसून अळ्या टिपतात. पाहुण्याला घरबसल्या पक्षी दिसतात आणि फवारणीही वाचते.

पक्षी ज्यासाठी येतात, ते राखा

खोलीसाठी पहिली कुदळ मारण्यापूर्वी आपल्या शेताकडे या दृष्टीने पाहावे.

• पाण्याच्या कडेला लागून ऊस नेऊ नये. काठ व पीक यांच्यामध्ये गवताचा व झुडपांचा पट्टा ठेवावा. त्याने माती अडते आणि खते-औषधे पाण्यात कमी जातात.

• गाळपेर जमिनीत फवारणी करणे भाग पडले, तर वारा पाण्याकडे वाहत असताना करू नये. पंप व डबे धरणात धुऊ नयेत.

• बांधावरील बोर, बाभूळ, हिवर तोडू नये. दुपारच्या वेळी पाहुण्याला सावली आणि पक्ष्याला जागा तेथेच मिळते.

• बरड माळ असेल तर त्याचा थोडा भाग नांगरटीविना ठेवावा. टिटवी, चंडोल, पखुर्डी हे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. गवत फुलोऱ्यावर आल्यावर एकाच बाजूने टप्प्याटप्प्याने कापावे.

• कुत्री रात्री व पहाटे बांधून ठेवावीत.

माझ्या करमाळ्याच्या यजमानांकडे असा दोन एकर माळ आहे. तो फोडून ऊस लावण्याचा त्यांचा बेत होता. मी त्यांना रोखले नाही, कारण प्रपंच त्यांना चालवायचा आहे. माळावरील गवत, शेळ्यांची चराई आणि पाहुण्यांमुळे मिळालेली रक्कम एका बाजूला मांडली. दुसऱ्या बाजूला उसाचे पाणी, मोटार, वीजबिल, खते आणि तोडणीची वाट मांडली. त्यांनी या वर्षी माळ तसाच ठेवला आहे. पुढच्या वर्षी ठेवतील की नाही, हे त्यातून काय हाती पडते यावर ठरेल. ही वस्तुस्थिती आहे. माळ राखण्याचा भार एकट्या शेतकऱ्यावर टाकून चालणार नाही. त्याला त्यातून चार पैसे मिळाले पाहिजेत, म्हणून तर हा जोडधंदा.

खोली कशी असावी?

१. धरणासाठी संपादित झालेल्या जमिनीवर किंवा पूररेषेत बांधकाम करू नये. अभयारण्यालगत असल्यास आधी वन विभागाकडे चौकशी करावी. महाराष्ट्र शासनाचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले आहे. त्यानुसार नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. अटी प्रत्यक्ष वाचून घ्याव्यात, ऐकीव माहितीवर जाऊ नये.

२. प्रथम एकच खोली करावी. जुने वापरात नसलेले घर दुरुस्त करता आले तर उत्तम. जाड दगडी भिंत आणि माळवद आपल्या हवेला अनुकूल असते.

३. मोठ्या काचेच्या खिडक्या टाळाव्यात. काचेत आभाळाचे प्रतिबिंब पाहून पक्षी त्यावर आदळतात. लाकडी दारे व डासांची जाळी पुरेशी आहे.

४. शौचालय स्वच्छ हवे. कुटुंब पुन्हा येते की नाही, हे बहुतेक वेळा येथेच ठरते. टाकी व शोषखड्डा विहीर आणि जलाशय यांपासून लांब घ्यावा.

५. खोलीत विजेरी, पिण्याचे उकळलेले पाणी, प्रथमोपचार पेटी आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक ठेवावा. मण्यार, घोणस आपल्या रानात आहेत. रात्री अनवाणी फिरू नये, हे पाहुण्याला पहिल्याच संध्याकाळी सांगावे.

६. एक बऱ्यापैकी दुर्बीण आणि पक्ष्यांची माहिती देणारे मराठी पुस्तक ठेवावे. आपल्या सोलापूरचेच मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांचा 'पक्षिकोश' असला, तर पाहुण्यांइतकाच तो आपल्या मुलांच्याही उपयोगी पडेल.

हुरडा आणि पक्षी एकाच हंगामात

निसर्गाने आपल्याला एक सोय करून दिली आहे. पक्षी येतात त्याच थंडीत ज्वारीचा हुरडा येतो. गूळभेंडी हा जुना वाण, तसेच विद्यापीठाचे फुले उत्तरा व फुले मधुर हे हुरड्याचे वाण यासाठी घ्यावेत. कोरडवाहू रानात पेरणी लांबवू नये, ओल निघून जाते. मात्र ज्यांच्याकडे संरक्षित पाण्याची सोय आहे, त्यांनी काही गुंठ्यांत दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोन-तीन हप्त्यांत पेरणी केली, तर हुरडा अधिक दिवस पुरतो.

जेवण साधेच ठेवावे. आगटीवर भाजलेला हुरडा, शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, भाकरी, भरीत, हरभऱ्याचे डहाळे, बोरे. खाणाऱ्यांसाठी उजनीतली चिलापी. शहरात मिळते ते येथे करण्याच्या भानगडीत पडू नये. आणि घरातील बाईच्या कामाचा मोबदला हिशेबात वेगळा धरावा. बहुतेक ठिकाणी खोलीचे पैसे मोजले जातात, पण पहाटे चूल पेटविणारीची मजुरी कोणी लिहीत नाही.

सुरक्षितता

२१ मे २०२४ रोजी कुगाव ते कळाशी या दरम्यान उजनीच्या पाण्यात प्रवासी नाव वादळी वाऱ्याने उलटली आणि सहा जणांचा मृत्यू झाला. ही घटना विसरू नये. सुरक्षा जाकीट अंगात घातल्याशिवाय, लहान मुलासह, कोणालाही नावेत बसू देऊ नये. वारा सुटला, आभाळ भरले, की फेरी रद्द करावी. पैसे परत गेले तरी चालतील.

नाव पक्ष्यांपासून शंभर-दीडशे मीटरवर थांबवावी. पक्ष्यांनी खाणे सोडून माना वर केल्या आणि चालू लागले, की आपण फार जवळ आलो असे समजावे व मागे फिरावे. नाववाल्याशी आधी बोलून ठेवावे. पक्षी उठविण्यासाठी जादा पैसे देणारा पाहुणा भेटतो, त्याला नम्रपणे नाही म्हणावे.

ज्यांच्याकडे कुक्कुटपालन आहे, त्यांनी विशेष जपावे. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा काय हानी झाली हे आपण ऐकले आहे. जलाशयाच्या चिखलात फिरून आलेल्या पाहुण्याला कोंबड्यांच्या शेडमध्ये नेऊ नये. जलाशयाचे पाणी कोंबड्यांना तसेच पाजू नये. काठाला मेलेले पक्षी आढळल्यास हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.

हिशेब आधी, कर्ज नंतर

आता पैशाचे. नोव्हेंबर ते मार्च हा हंगाम धरला तर सुमारे २१ आठवडे होतात. पाहुणे मुख्यतः शुक्रवारी व शनिवारी रात्री येतात, म्हणजे ४२ रात्री. त्यांपैकी निम्म्या भरल्या असे समजू, तर २१ रात्री. सर्व खर्च व घरच्यांची मजुरी वजा जाता एका रात्रीमागे समजा १,५०० रुपये उरले, तर वर्षाला ३१,५०० रुपये होतात. आकडे उदाहरणादाखल आहेत, आपापले आकडे घालून पाहावे. यावर पाच लाखांचे कर्ज फिटेल का, याचे उत्तर प्रत्येकाला देता येईल. जुने घर दुरुस्त करून सुरुवात केली, तर हीच रक्कम मुलांच्या शिक्षणाला हातभार लावते. पाऊस कमी झाला, २०२४ च्या उन्हाळ्याप्रमाणे पाणी मृतसाठ्याच्याही खूप खाली गेले, तर एखादा हंगाम कोरडा जाईल हेही धरून चालावे. शेती हा मुख्य धंदा, खोली हा जोडधंदा, हा क्रम उलटू देऊ नये.

शेवटी एकच सांगतो. यंदाच्या थंडीत खोलीचा आराखडा करण्यापूर्वी एक वही घ्यावी. आठवड्यातून एकदा पहाटे आपल्याच बांधावर तासभर बसावे आणि कोणते पक्षी आले, किती आले, कोठे बसले, काय खात होते, हे लिहावे. घरातील मुलामुलींना बरोबर घ्यावे, त्यांची नजर आपल्याहून तेज असते. मार्चअखेर ती वही वाचली, म्हणजे आपल्या शेतावर पाहुणा बोलाविण्यासारखे काय आहे आणि त्यातले काय राखायचे आहे, ते आपोआप कळेल. मग खोलीचा नकाशा घेऊन या, आपण मिळून पाहू.